महागडी शाई : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

कोरा_कागद

इरोशिझुकु या महागड्या जपानी शाईची ५० मिलीची बाटली आणि कॅमलिनची ६० मिलीची बाटली शेजारी ठेवली तर किमतीत तीसेक पटींचा फरक निघतो. मधल्या पायऱ्यांवर डायमाइन, वॉटरमन, पेलिकन ४००१ वगैरे मंडळी बसलेली आहेत.

फाउंटन पेनं दोन. एक जपानी, एफ म्हणजे बारीक निबचं, कन्व्हर्टरवालं (आत शाई ओढून घेणारी छोटी नळी). दुसरं एअरमेल या भारतीय कंपनीचं आयड्रॉपर, म्हणजे थेट दांड्यात शाई ओतायचं; एम म्हणजे मध्यम निब. रोज चारेक पानं, सगळं मराठी, दुकानात मिळते त्या साध्या रेघी वहीत. या वापराला महाग शाईने नक्की काय फरक पडतो? "रंग बघून मन प्रसन्न होतं" हे मान्य आहे, ते सोडून सांगा.

टीपकागद

काही फरक पडत नाही. धागा संपला, दिवे घालवा. (हलके घ्या.)

हिशेबनीस

आधी खर्च बाटलीवरून पानावर आणा.

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल तराजू लागेल. पेन भरून, बाहेरून पुसून, टोपणासकट वजन करा. पाच पानं लिहा आणि लगेच पुन्हा वजन करा. रात्रभर ठेवून केलंत तर वाळून उडालेलं पाणीही हिशेबात घुसेल. शाई म्हणजे बहुतांशी पाणीच, तेव्हा एक ग्रॅमला एक मिली धरायला हरकत नाही. समजा पाच पानांत ०.३० ग्रॅम गेली, म्हणजे पानाला ०.०६ मिली.

५० मिलीची बाटली १६०० रुपयांची धरली तर मिलीला ३२ रुपये, पानाला १ रुपया ९२ पैसे. ६० मिलीची बाटली ५० रुपयांची धरली तर पानाला पाच पैसे. आता वही: २०० पानी, ६० रुपयांची, म्हणजे पान पडलं ३० पैशांना. स्वस्त शाई कागदाच्या एक षष्ठांश किमतीत लिहिते, महाग शाई कागदाच्या सहापट घेते. आकडे तुमच्या दुकानातले घाला, रीत तीच.

रोज चार पानांच्या हिशेबाने ५० मिली साधारण २०० दिवस पुरेल.

दौतराव

हिशेबनीस, गळती धरलीच नाहीत. दर आठवड्याला रंग बदलणाऱ्याची बरीच शाई बेसिनमध्ये जाते. पायलटच्या कॉन-४० कन्व्हर्टरमध्ये मुळात मावते ०.४ मिली. त्यातली तळाशी उरलेली आणि फीडमध्ये (निबखालच्या शाई पुरवणाऱ्या भागात) अडकलेली धुण्यात गेली की शिल्लक काय राहिलं?

आयड्रॉपरचं दुखणं वेगळं. त्यात तीन मिली सहज बसते. तुमच्याच दराने एका भरण्याला ९६ रुपये झाले. टाकी एक तृतीयांशाच्या खाली गेली की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि निबवरून टपोरा थेंब पानावर सोडते. त्यामुळे शेवटची मिलीभर शाई लिहायला न वापरता वर नवीन भरत राहावं लागतं. एबोनाइटच्या (कडक रबराच्या) जाड भिंतीतून ऊब कमी जाते, पातळ प्लास्टिकमधून पटकन. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावलंत तर सांध्यातली गळती थांबेल, हा थेंब मात्र थांबणार नाही. म्हणून आयड्रॉपरमध्ये स्वस्त शाईच बरी.

गाळणी

किंमत कुठे जाते ते आधी बघू, मग "फरक" कळेल.

फाउंटन पेनच्या शाईत पाणी, त्यात विरघळणारा डाय (रंग), निब वाळू नये म्हणून ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनसारखा ओलावा धरणारा घटक, पृष्ठताण जुळवणारा घटक, बुरशीनाशक, आणि आम्लता सांभाळणारं काहीतरी. स्वस्त असो की महाग, यादी हीच. कसब प्रमाणात असतं. पृष्ठताण फार कमी केला तर शाई भराभरा वाहते आणि कागदात पसरते. फार जास्त ठेवला तर रेघ मध्येच तुटते. ग्लिसरीन वाढवलं तर निब वाळत नाही, पण अक्षरही लवकर वाळत नाही.

रॉयल ब्लूमध्ये डायचं मिश्रण साधं असतं. इरोशिझुकुच्या यामा-बुदो किंवा त्सुकी-योसारख्या रंगात मिश्रण जास्त गुंतागुंतीचं. घरी बघता येतं: कॉफी फिल्टरची बोटभर पट्टी कापा, खालच्या टोकापासून दोन सेंमीवर शाईचा ठिपका द्या, वाळू द्या, आणि ठिपका बुडणार नाही इतकंच टोक पाण्यात ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत डाय वेगवेगळे चढतात. अक्षराच्या कडेला दुसऱ्याच रंगाची झाक दिसते ती यातूनच.

उरलेले पैसे जाड काचेच्या बाटलीचे, आयात शुल्काचे आणि लहान प्रमाणावरच्या विक्रीचे. इरोशिझुकुच्या बाटलीला तळाशी खळगा आहे. शेवटची शाई तिथे जमते, निब बुडतं. सोय खरी आहे, पण ती बाटलीची.

बोरूबहाद्दर

म्हणजे बाटली रिकामी झाली की त्यात कॅमलिन ओतायची. पाहुण्यांना तेवढंच दिसतं.

शाईचा_डाग

@दौतराव, "आयड्रॉपरमध्ये स्वस्तच" याला अर्धी सहमती. एबोनाइट फीडच्या भारतीय पेनांचा प्रवाह सढळ असतो. त्यात वॉटरमन सेरेनिटी ब्लू किंवा इरोशिझुकु अशी ओली, म्हणजे भरभर वाहणारी शाई घातली की साध्या वहीत पान पलीकडून वाचता येतं. अशा पेनाला पेलिकन ४००१ सारखी कोरडी, म्हणजे हात आखडून वाहणारी शाई शोभते. उलट, जपानी एफ निब कंजूष असेल तर ओल्या शाईने ते सुधारतं. म्हणजे कोरा_कागद यांच्या दोन पेनांना दोन वेगवेगळ्या शाया लागतील, आणि त्यातली महाग कोणती हा नंतरचा प्रश्न.

दुसरं, कोणी म्हणायच्या आत सांगतो: "स्वस्त शाईने पेन खराब होतं" हे खरं नाही. फाउंटन पेनसाठी बनवलेली साधी डायची शाई पेनाला त्रास देत नाही. पेन बिघडतं ते वाळून बसलेल्या शाईने, स्टँप पॅडच्या शाईने, आणि ड्रॉइंगच्या वॉटरप्रूफ काळ्या शाईने. ही शेवटची दिसायला तशीच बाटली, कधी त्याच कंपनीची, दुकानात त्याच कपाटात. तिच्यातलं बंधक फीडच्या खाचांत वाळलं की पुन्हा विरघळत नाही. लेबलवर "फाउंटन पेन" हे दोन शब्द दिसल्याशिवाय पेनात काही घालू नका.

उलट महागात काही नाठाळ आहेत. नूडलर्सची बेस्टेट ब्लू पारदर्शक पेनाला कायमची निळी करू शकते, आणि तिच्यात दुसरी शाई मिसळली तर गाळ होतो. रंग मात्र असा की डोळे दिपावेत.

ओली_रेघ

इथे सगळे इंग्रजी परीक्षणं वाचून बोलताय. देवनागरीत हिशेब बदलतो.

शिरोरेघ म्हणजे प्रत्येक शब्दावर आडवी, सलग, आधीच्या अक्षरांच्या ओल्या डोक्यांवरून जाणारी ओळ. शब्द लिहून शेवटी रेघ ओढणाऱ्याचं निब दांड्यांच्या टोकांवरची ओली शाई पुढे ओढत नेतं. शाई सावकाश वाळणारी असेल तर रेघ जाडसर होते आणि तिथेच कागद फुटतो. अनुस्वार हा एकाच जागी टेकलेला थेंब, ओल्या शाईत तो मोहरीएवढा होतो. ळ, क्ष, ज्ञ, ण्ण यांची पोटं एम निबमध्ये बुजतात.

म्हणून मराठीसाठी शाई तपासताना "द क्विक ब्राउन फॉक्स" लिहून उपयोग नाही. "क्षितिजावर काळंकुट्ट मळभ, ज्ञानाचं अंजन, विषण्ण" अशी एक ओळ लिहा. पोटं उघडी राहिली आणि अनुस्वार गोल राहिला तर शाई पास. या परीक्षेत स्वस्त रॉयल ब्लू कित्येक महागड्या शायांच्या पुढे जाते, कारण ती पातळ आहे आणि लवकर वाळते.

टीपकागद

"विषण्ण" हा शब्द शाईचं बिल बघितल्यावर आपोआप लिहिला जातो.

कोकणकडा

हवेचं कोणीच बोललं नाही. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर कागद स्वतःच ओलावा ओढतो. मे महिन्यात नीट वागणारी शाई जुलैत त्याच वहीत कडेने पसरून केसाळ होते, आणि दोष शाईला जातो. वही झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा, निम्मं काम होतं.

चमकणाऱ्या शायांचं तर विचारूच नका. निळ्या अक्षरावर तांबडी झाक दिसते ती डाय कागदात न मुरता वर साचून वाळल्यामुळे. तो थर दमट हवेत पुरता घट्ट होत नाही. महिन्याभरानेही बोट फिरवलं तर पुसतो. शिवाय ती झाक दिसायला कमी शोषणारा कागद लागतो, ५२ जीएसएमचा टोमोए रिव्हर वगैरे. साध्या वहीत डाय आत मुरतो, झाक गायब, आणि तुम्ही कितीतरी पट पैशांत साधी गडद निळी वापरत बसता.

गाळणी

+१. त्यातच चकाकीचे कण घातलेल्या शाया, उदा. एर्बांची एमराल्ड ऑफ शिवोर. कण तळाशी बसतात. भरण्याआधी बाटली हलकेच उलटसुलट करायची, पेन आडवं ठेवायचं, आणि एफ निबमध्ये घालायचीच नाही.

निबदुरुस्त

प्रश्न "शाई बदलू का" असा आला की पहिली पायरी शाई नसते.

पेन साध्या गार पाण्याने धुवा, कन्व्हर्टरने ओढून-सोडून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी नको: प्लास्टिकचं फीड वाकतं, एबोनाइट तपकिरी पडतं. तरीही प्रवाह अडत असेल तर नऊ भाग पाणी, एक भाग घरगुती साधा अमोनिया, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. दहा-पंधरा मिनिटं निब-फीड त्यात ठेवा, नंतर भरपूर पाणी. अ‍ॅल्युमिनियमचे भाग असतील तर अमोनिया टाळा.

मग दहापट भिंगातून निब बघा. दोन पात्यांमधली फट टोकाकडे निमुळती होत गेली पाहिजे. टोकाला आधी चिकटून मग उघडत असेल तर कोणतीही शाई कोरडीच लिहिणार. ०.०५ मिमीची पितळी पट्टी फटीतून दोन-तीनदा अलगद ओढली की बऱ्याचदा भागतं. त्या पट्टीचे पैसे शाईच्या एका बाटलीपेक्षा फार कमी.

हे सगळं करूनही पेन कोरडं असेल तर ५ मिली शाई वेगळी काढा, टूथपिकचं टोक साबणात बुडवून त्यात एकदा ढवळा. एकदाच. पुन्हा बुडवलंत तर शाई ब्लॉटिंग पेपरवर पसरावी तशी पसरेल.

बोरूबहाद्दर

अवांतर: टोमोए आणि त्सुकी-यो चालू आहे, पण ज्यांच्या नावाने आपण "स्वस्त" म्हणतोय ते कॅमलिन १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी सुरू केलं ते शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून. घोडा छाप. पाण्यात वडी विरघळवा, दौत तयार. उंट नंतर आला. २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने त्यात मोठा हिस्सा घेतला, म्हणजे "मला जपानी शाईच लागते" म्हणणाऱ्यांची तीही सोय झाली.

तिकडे कोलकात्याची सुलेखा १९३४ ची. मध्ये बंद पडली, आणि २०२० मध्ये तिची फाउंटन पेनची शाई पुन्हा बाजारात आली. केरळची कृष्णाही आहे. प्रीमियम म्हणजे परदेशीच असं समीकरण राहिलेलं नाही.

दौतराव

अवांतर मान्य, पण टिकाऊपणाचा मुद्दा राहतोय. तिथे मी महाग शाईच्या बाजूने आहे.

रॉयल ब्लू प्रकारातली निळी पाण्याने धुतली जाते, उन्हाने उडते. पट्टीवर लिहा, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका, दक्षिणेकडच्या खिडकीत महिनाभर ठेवा. झाकलेला भाग आणि उघडा भाग शेजारी धरा, मग बोलू. दस्तऐवज, प्रमाणपत्रं, टपालाचे पत्ते, घराण्याची वंशावळ उतरवून घेणं, याला ती चालत नाही.

दोन पर्याय. एक, पिगमेंट: प्लॅटिनम कार्बन ब्लॅक, सेलरची कीवागुरो. यात डाय विरघळलेला नसतो, बारीक कण तरंगत असतात. कागदाला धरले की पाण्याने हलत नाहीत, उन्हाने फिके पडत नाहीत. कण तेवढे बारीक दळून तरंगत ठेवणं हे खर्चाचं काम, इथे किंमत वाजवी वाटते. दुसरा, लोह-माजूफळ प्रकार: डायमाइन रजिस्ट्रार्स, रोरर अँड क्लिंगनरच्या सॅलिक्स नि स्कॅबिओसा, सौम्य प्रमाणात पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक. लिहिताना दिसते ती सोबत घातलेल्या डायची छटा. लोहाचं संयुग हवेतल्या ऑक्सिजनने काळं पडत जातं आणि धाग्यांत अडकतं.

शाईचा_डाग

पथ्यं पण सांगा ना. कार्बन शाई पेनात सोडून गावाला जायचं नाही. तिच्यासाठी प्लॅटिनम प्रेपी ठेवा, स्वस्त आहे आणि टोपणात झाकण असल्याने वाळत नाही. लोहाची शाई आम्लधर्मी, महिन्यातून एकदा पेन धुवा. डाग राहिले तर चिमूटभर व्हिटॅमिन सीची पूड कपभर पाण्यात. ब्लीच किंवा अमोनिया आधी घालू नका, लोह गंजासारखं बसतं आणि मग निघत नाही.

हिशेबनीस

@दौतराव, वंशावळ आयुष्यात एकदा लिहायची. ३० मिली पुरे.

आणि चेकचं म्हणाल तर स्कॅनमध्ये स्पष्ट उमटणारी गडद शाई हवी, धुवून निघणारी नको. फिकी राखाडी कितीही जपानी असली तरी तिथे नको.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. एवढं कळलं की माझा प्रश्नच थोडा चुकला होता. तरी दोन शंका. एक, महाग शाई घ्यायचीच झाली तर पूर्ण बाटली न घेता कशी तपासायची? दोन, रॉयल ब्लू फार फिकी वाटते, तिच्यात काळी मिसळून घरच्या घरी ब्लू-ब्लॅक जमेल का?

ओली_रेघ

पहिल्याचं उत्तर: ५ मिलीची नमुन्याची कुपी मिळते, ती घ्या. इरोशिझुकुच्या १५ मिलीच्या लहान बाटल्याही येतात, डायमाइन ३० मिलीत येते. डायमाइनच्या त्या लहान बाटलीचं तोंड अरुंद असल्याने जाड पेन आत जात नाही. औषधाच्या दुकानातून २ मिलीची सिरिंज आणा, बोथट सुई लावा, कन्व्हर्टर पेनातून काढून त्याच्या तोंडातून भरा.

तपासताना पेन तेच, धुऊन वाळवलेलं, आणि वही तुमचीच. दुकानातल्या गुळगुळीत कार्डावरचा रंग विसरा. देवनागरीची ओळ लिहा, मग पाच छोट्या रेघा ओढून ५, १०, १५, २०, ३० सेकंदांनी एकेकीवर बोट फिरवा. २० सेकंदांनंतरही पुसत असेल तर डावखुऱ्यांनी नाद सोडावा. पानाच्या मागे बघा. पेन टोपण लावून तीन दिवस ठेवा आणि पहिल्याच अक्षराला शाई येते का बघा. ही शेवटची चाचणी लोक करत नाहीत, आणि चांगली शाई नेमकी तिथेच ओळखू येते.

कोकणकडा

तिसऱ्या दिवशी पहिलं अक्षर उमटणं हा खरा पैसे देण्याजोगा गुण, पटलं. रोज चार पानं लिहिणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग नाही, त्याचं पेन वाळायला वेळच मिळत नाही.

निबदुरुस्त

कोरा_कागद, म्हणजे तुमच्या एफ निबला १५ मिलीची एक लहान बाटली, एअरमेलला कॅमलिन. वाचलेल्या पैशांत दोन चांगल्या वह्या. तुमच्या वापराला शाईपेक्षा कागद बदलून जास्त फरक दिसेल.

टीपकागद

मी पहिल्याच प्रतिसादात तेच म्हटलं होतं, पण मोफत सल्ल्याला किंमत नसते. प्रीमियम प्रतिसाद पाहिजे होता लोकांना.

गाळणी

दुसऱ्या शंकेचं राहिलं. एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेच्या दोन डाय शाया घ्या. काचेच्या कुपीत रॉयल ब्लूचे ८ थेंब, काळीचा १. ड्रॉपर प्रत्येक बाटलीला वेगळा. बूच लावून दोन दिवस ठेवा, मग उजेडासमोर तिरकी करून बघा. तळाशी गाळ, काचेला चिकटलेले कण किंवा घट्टपणा दिसला तर फेकून द्या. स्वच्छ असेल तर ५ मिली बनवा, जास्त नको, आणि कुपीवर तारीख नि प्रमाण लिहा. पातळ करायची वेळ आली तर डिस्टिल्ड पाणी, बोअरवेलचं अजिबात नाही. पिगमेंट, लोहाची शाई आणि बेस्टेट ब्लू यांना या खेळात घ्यायचं नाही.

रंग ब्लू-ब्लॅकचा मिळेल, पण पाण्याने तेवढाच धुतला जाईल. महिन्याभराने वरती पांढुरका तवंग आला किंवा वास बदलला तर ती बुरशी. गाळून वाचवायचा मोह नको, कुपी टाका आणि ज्या पेनात ती घातली होती ते अमोनियाच्या पाण्याने धुवा.

कोरा_कागद

८ ला १ करून बघतो. दोन दिवसांनी कुपीचा फोटो इथेच टाकतो.